विहिरीत चार फूट पाणी, द्राक्षबाग दोन एकर: मे अखेरीचा हिशोब

द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) झाली, फुटी निघाल्या, सबकेन झालं (फुटीचा शेंडा खुडून बाजूची काडी वाढवली), आणि बरोबर रोहिणी नक्षत्राच्या तोंडावर मोटर हवा ओढायला लागली, अशी ज्यांची गत आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांच्या बांधाला कॅनॉल आहे त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

नाशिक म्हटलं की बाहेरच्या माणसाला गंगापूर धरण आणि इगतपुरीचा पाऊस आठवतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आमच्या चांदवडला, पुढे येवल्याला, तिकडे सिन्नरच्या पूर्व भागात सगळा मिळून पाचशे-साडेपाचशे, तोही मनात आलं तर. २०२३ साली ऑगस्ट कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपल्या जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. चांदवडचं नाव त्या यादीत नव्हतं, पण आमच्या विहिरीला कोण सांगणार!

आमच्याकडे मोटर दीर बघतात, फवारणी मालक बघतात, आणि पाण्याची वही माझ्याकडे असते. माझं म्हणणं एवढंच आहे की मे अखेरीला 'बाग जगवू' असं कोणी म्हणू नये. किती झाडं, किती लिटरवर, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहून काढावं आणि उरलेल्या बागेचं काय करायचं ते त्याच दिवशी ठरवावं. सगळ्या बागेला थोडं थोडं देत बसलं की १५ जूनला सगळीच बाग पिवळी पडते.

आधी विहीर मोजा

सुंभाला दगड बांधा आणि फुटाफुटावर लाल चिंधी बांधा. संध्याकाळी मोटर बंद झाल्यावर एकदा सोडा, पहाटे मोटर चालू करायच्या आधी एकदा. दोन्ही आकडे लिहा. असं सलग आठवडाभर करा, कारण एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरत नाही. शेजारच्याची मोटर चालू असली की आपला झरा आटतो, त्याची बंद असली की आपल्याकडे पाणी चढतं.

आता लिटर काढायचे. विहिरीचा व्यास फुटात घ्या, त्याचा वर्ग करा, २२ ने गुणा. एक फूट पाण्यात तेवढे लिटर. २५ फुटी विहीर असेल तर ६२५ गुणिले २२, म्हणजे १३,७५०. तीस फुटी असेल तर १९,८००. विहीर खाली निमुळती होत गेली असेल तर वरचा व्यास धरू नका, पाणी आहे तिथला धरा. माणूस उतरवून टेप लावायचा असेल तर कंबरेला दोर आणि वर दोन माणसं, त्याशिवाय नाही.

समजा विहीर २५ फुटी, पाणी चार फूट. वरचे तीन फूटच आपले. तळाचा फूटभर गाळाचा असतो, तो ओढला तर ठिबकचे फिल्टर आणि ड्रिपर दोन्ही बुजतात. म्हणजे साठा झाला ४१,००० लिटर. रात्रीत नऊ इंच चढतं असं आठवड्याच्या सरासरीत आलं, तर रोजचे १०,३०० लिटर. पण हा झरा जूनपर्यंत असाच राहत नाही. मी निम्मा धरते, रोज ५,१५०.

किती दिवस काढायचे? मृग ७-८ जूनला लागतो, तात्या (आमचे सासरे) अजून त्याच्याच भरवशावर असतात. पाऊस आला तरी विहिरीला पाणी यायला वेळ लागतो, म्हणून मी ५ जुलै धरते. २५ मेपासून साधारण ४० दिवस. झऱ्याचे २,०६,००० आणि साठ्याचे ४१,०००, मिळून २,४७,०००. यातून घर आणि गोठा आधी वजा करायचा. दुभती संकरित गाय या उन्हात ७०-८० लिटर पिते, कधी शंभरही. चार गाई, दोन वासरं, घरातली माणसं आणि धुणं-भांडी धरून ७०० लिटर रोज, म्हणजे २८,०००. गाईच्या पाण्यात काटकसर करू नका. बागेच्या मानाने ते पाणी काहीच नाही आणि तिचं दूध त्याच संध्याकाळी उतरतं. बागेसाठी राहिले २,१९,०००.

९ बाय ५ फुटांवर लावलेल्या एकरात ९६८ झाडं बसतात. पुरता पसारा असलेल्या झाडाला मे महिन्यात आमच्या जमिनीत रोज १६-१७ लिटर लागतात. निम्म्यावर, ८ लिटरवर, ते तग धरतं. दोन एकरांना ८ लिटरने ४० दिवसांचे सहा लाख वीस हजार होतात. आहेत दोन लाख एकोणीस. इथे पेन खाली ठेवून चहा घ्यावा.

एक एकर ८ लिटरवर न्यायचा तर लागतात ३,१०,०००. तूट ९१,०००, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. दुसऱ्या एकराला आठवड्यातून एकदा झाडाला १० लिटर, म्हणजे आठवड्याला एक टँकर, सहा आठवड्यांचे सहा. एकूण पंधरा टँकर. हा आकडा हातात घेऊन मग घरात बसून बोला. परवडत नसेल तर ठेवलेला एकर अजून कमी करा. पण विहीर कोरडी पडल्यावर टँकरवाल्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा आज फोन करून तारखा धरलेल्या बऱ्या.

कोणता एकर सोडायचा

घरातली भांडणं इथे होतात. मालकांचा जीव जुन्या बागेत असतो, कारण ती त्यांनी हाताने लावलेली. मी असं बघते: डॉगरिज खुंटावर कलम केलेली बाग आधी जगवायची, कारण मुळं खोल आणि खारं पाणी सोसायची ताकद जास्त. स्वमुळावरची (कलम न केलेली), पंधरा वर्षांच्या पुढची, मर पडून मधेमधे बोळकं झालेली बाग मागे. काळी जमीन पाणी धरते, मुरमाड सोडते. एवढ्या तीन गोष्टींवर निर्णय होतो.

सोडायच्या एकरात काय करायचं? नुसतं पाणी तोडायचं नाही. पानांचा पसारा तसाच ठेवला तर झाड स्वतःच्या अंगातलं पाणी पानांवाटे उडवतं. काड्या निम्म्या करा, राहिलेल्यांचे शेंडे मारा, बगलफुटी खुडा. खोड आणि ओलांडे (तारेवरच्या आडव्या जाड फांद्या) जिवंत राहिले की बास. ओलांड्यावर थेट ऊन पडायला लागलं तर साल तडकते, म्हणून चुना लावा किंवा छाटलेल्या पाल्याचीच सावली त्यावर टाका. त्या एकरात पुढच्या हंगामात माल कमी निघेल, हे आजच मान्य करून टाका.

ठेवलेल्या एकरातलं पाणी

ठिबक आधी तपासा. तासाला ४ लिटरचा ड्रिपर ९० सेकंदांत १०० मिली टाकतो. औषध मोजायचं माप घ्या, मोबाइलवर घड्याळ लावा, लॅटरलच्या (ओळीतल्या ठिबकच्या नळीच्या) पहिल्या झाडाला धरा, मग शेवटच्या. पहिल्याला ११० आणि शेवटच्याला ६० येत असेल तर तुमचा ८ लिटरचा हिशोब फक्त वहीत आहे. लॅटरलची टोकं एकेक करून उघडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत जाऊ द्या. ते वाया घालवू नका, खाली घमेलं ठेवा आणि झाडाला घाला. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी क्षारांनी जड होतं, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. ती बोटाने निघते, टाचणीने उकरू नका, भोक मोठं होतं.

आमच्याकडे लॅटरल तारेला टांगलेली असते. दुपारी वारा सुटला की थेंब बोदावर (ओळीच्या उंच मातीवर) पडायच्या आधी अर्धा उडतो. या दिवसांत ती खाली घ्या, खोडाजवळ, आच्छादनाच्या आत. ड्रिपरखाली फुटभर लांबीचा पाइपचा तुकडा तिरपा पुरून पाणी मुळाजवळ सोडायची पद्धतही चांगली आहे. माणसं मिळत असतील तर करा, वरची माती कोरडी दिसली तरी घाबरू नका.

काळ्या जमिनीत रोज ८ देण्यापेक्षा तिसऱ्या दिवशी २४ द्या, खोलवर जातं. मुरमाडीत रोजच द्यावं लागतं, एकदम दिलं तर खाली निघून जातं. वेळ रात्रीची. लाइटीचा रात्रपाळीचा आठवडा असला की लोक वैतागतात, मला तोच बरा वाटतो. सोलर पंपवाल्यांनी दिवसा टाकीत चढवावं आणि तिथून उताराने रात्री सोडावं.

झाडाला तहान लागली का ते दुपारी बघायला जाऊ नका. दुपारी चार वाजता सगळीच बाग मान टाकते. सकाळी साडेसहाला जा. फुटीचा शेंडा आणि त्याच्या पुढे आलेली बाळी (वेल ज्याने तारेला धरते तो तंतू) बघा. बाळी ताठ, शेंड्याच्या पुढे गेलेली असेल तर झाड ठीक आहे. बाळी सुकून खाली लोंबत असेल आणि शेंडा बंद झाला असेल, तर पाणी कमी पडतंय. शेंडाच सकाळी सकाळी मलूल असेल तर त्या दिवशी पाणी द्या, हिशोब नंतर. मग खुरप्याने बोदाच्या कडेला वीतभर उकरा आणि माती मुठीत दाबा. लाडू वळला तर ओल आहे, भुगा झाला तर नाही.

यात एक समाधानाची गोष्ट आहे. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढचा घड तयार होतो. या टप्प्यात पाणी थोडं कमीच लागतं. पाणी जास्त झालं तर झाड शेंड्याकडे पळतं आणि डोळे वांझ राहतात. म्हणून मे अखेरीला थोडा ताण बसला तर रडू नका. पानं मात्र गळू द्यायची नाहीत. हीच पानं ऑक्टोबर छाटणीपर्यंत काडी पिकवणार आहेत. युरिया या दिवसांत अजिबात नको. नवी कोवळी फूट म्हणजे नवं तोंड, आणि आपल्याकडे आहे त्या तोंडांना पुरत नाही. काड्या झाडाला ३० च्या आत ठेवा, काडीला पंधरा-सोळा पानं झाली की शेंडा मारा. गंधक ३५ अंशांच्या वर पानं करपवतं, तेव्हा भुरी रोगाच्या धास्तीने दुपारी गंधक मारणाऱ्याला बागेतून हाकलून द्या. मालेगावला पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा आमच्याकडेही काही हिमालय नसतो.

आच्छादन

याच्याइतकं स्वस्त पाणी दुसरं नाही. बोदावर तीन-चार इंच जाड, खोडापासून चार बोटं लांब. उसाचं पाचट, कारखान्याचं बगॅस, सोयाबीनचं काड, गव्हाचा भुसा, छाटणीच्या काड्यांचा चुरा, जे जवळ मिळेल ते. नुसता भुसा वाऱ्याने उडतो, वरून पाचट टाका. पातळ टाकण्यात अर्थ नाही. दोन एकरांत पातळ पसरण्यापेक्षा ठेवलेल्या एकरातच जाड टाका. वाळवी असेल तर आधी बघून घ्या. आणि बिडी ओढणाऱ्याला बागेत येऊ देऊ नका, पाचटाने पेट घेतला की बाग, ठिबक, सगळं एका तासात जातं.

पश्चिमेच्या बाजूला बांधावर शेडनेट नाहीतर जुन्या साड्या बांधा. चार वाजताचं तिरपं ऊन आणि झळई पहिल्या दोन ओळींना भाजते. आमच्या बांधावर माझ्या लग्नातल्या दोन साड्या आहेत, त्याबद्दल घरात अजून बोलणं निघतं.

शेततळं असेल तर

३० बाय ३० मीटरचं तळं भरलेलं असेल तर पाण्याचा पसारा ९०० चौरस मीटर. या उन्हात रोज ७-८ मिलिमीटर उडतं, म्हणजे साडेसहा ते सात हजार लिटर. ठेवलेल्या एकराला आपण रोज जेवढं देतो, जवळजवळ तेवढं सूर्य पितो. म्हणून विहीर आणि तळं दोन्हींत पाणी असेल तर आधी तळं वापरा, विहिरीला विसावा द्या. दोन तळी अर्धी अर्धी असतील तर दोन्हीचं एकात करा, पसारा निम्मा होतो. रिकाम्या केलेल्यात मात्र फूटभर पाणी ठेवा. तळ्यातला प्लास्टिकचा कागद कोरडा पडला की वाऱ्याने उचलला जातो आणि उन्हाने तडकतो, नव्या कागदाला किती पैसे पडतात ते ज्याने बसवलाय त्याला विचारा.

आणि कागदाच्या तळ्याच्या काठाने दोर सोडून ठेवा, चारी बाजूंनी, गाठी मारलेले, पाण्यात ट्यूब तरंगती. कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात पोरं जातात. कुंपण, फाटक, कुलूप. हे काम आजच्या आज, पाण्याच्या हिशोबाच्याही आधी.

टँकर आणि बोअर

टँकर विहिरीत ओतू नका. आमचा सगळा भाग काळ्या बसाल्टचा, विहिरीच्या भेगांतून जसं पाणी आत येतं तसंच बाहेरही जातं. टाकीत किंवा तळ्यात घ्या. पाणी कुठलं ते विचारा, चव घ्या. खारं लागलं तर परत पाठवा, नाहीतर आठ दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होतात. टँकर खरोखर दहा हजारांचा आहे का ते पहिल्या खेपेला आपल्या टाकीत मोजा. चालक नाराज होतो, होऊ द्या.

बोअर मे महिन्यात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. याच दिवसांत पाणाड्या (पाण्याची जागा सांगणारा) हातावर नारळ घेऊन फिरतो, नारळ उभा राहतो, गाडी रात्री येते आणि सकाळी सगळ्या वावरात पांढरी भुकटी. बसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं, खोल गेलं की मिळेलच असं नाही. त्या पैशात किती टँकर येतात याचा भागाकार करून बघा.

माणसं

बागेतलं काम सकाळी सहा ते अकरा, मग साडेचारनंतर. आमच्याकडे कामाला पेठ-सुरगाण्याच्या बाया येतात. त्यांच्या गावाला पाऊस आमच्या कितीतरी पट, आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन डोंगर त्यांनाच उतरावा लागतो, हे मला दरवर्षी खटकतं. त्यांच्या राहायच्या जागेला पाणी द्यायचं ते मोजून देऊ नका. सरकारी टँकरचं माणशी २० लिटरचं माप टंचाईचं आहे, अंगमेहनतीच्या माणसाचं नाही.

बांधावर सावलीत माठ, दुपारी ताक. ताक नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. कोणाला चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर काम थांबवा, सावलीत झोपवा, कपडे सैल करा, हे पाणी घोट घोट द्या. कोणी बरळायला लागलं, अंग तापून आग झालं, घाम थांबला, तर तोंडात पाणी ओतू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागतोय असं वाटलं तर पिकअप काढा. फवारणीवाला रबरी कोट घालून असतो, त्याला सकाळी आठच्या पुढे टाकीवर बसू देऊ नका.

पहिला वळीव पडला की

विजा चमकतील, धूळ उठेल, दहा मिनिटं पाऊस पडेल, आणि घरातला कोणीतरी ठिबक बंद करायला पळेल. त्याला थांबवा. दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं घेऊन जा. आच्छादन ओलं दिसेल, खाली दोन बोटं माती भिजलेली असेल, त्याखाली भुगाच. वीतभर ओल उतरली असेल तरच एक पाळी चुकवा. तळ्याच्या तोंडाशी जाळी लावली आहे का, गाळ अडवायचा खड्डा साफ आहे का, ते पाऊस यायच्या आधीच बघून ठेवा. पहिल्या पाण्याबरोबर वावरातली सगळी माती येते, ते तळ्यात घेऊ नका, वाहू द्या. दुसऱ्या पावसापासून घ्या. विहिरीचा दोर मात्र रोज सोडत राहा. सकाळचा आकडा सलग चार दिवस संध्याकाळच्या आकड्यापेक्षा दोन फूट वर येऊ लागला, की मग सोडलेल्या एकराला पाणी वाढवायला घ्या. आधी १२ लिटर, आठवड्याने १६.